गोरा रंग विकत मिळतो काय?

एडवणच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बाईचा चेहरा उन्हानें रापतो. त्यांत लाजण्याजोगें कांहींच नाहीं. ती कष्टाची खूण होय. तरी तिच्याच मुलीनें पैसे सांचवून, दुकानांत टांगलेली गोरेपणाच्या क्रीमची पुडी घ्यावी, हें कसें घडतें?

जाहिरात उघड खोटें क्वचितच बोलते. ती दोन चित्रें शेजारीं शेजारीं मांडते, इतकेंच. 'फेअर अँड लव्हली' हें क्रीम हिंदुस्तान लिव्हर कंपनीनें १९७५ सालीं बाजारांत आणिलें. त्याच्या एका जाहिरातींत तुटपुंज्या पेन्शनीवर जगणारा बाप, आपणांस मुलगा नाहीं म्हणून कष्टी होतो. सांवळी मुलगी क्रीम लाविते, गोरी होते, आणि विमानांत नोकरी मिळविते. क्रीमनेंच नोकरी मिळाली, हा निष्कर्ष पाहणारी मुलगी स्वतः काढिते. आणि स्वतः काढिलेला निष्कर्ष कोणासही खराच वाटतो.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनें तक्रार केल्यावर २००३ सालीं ती जाहिरात बंद झाली. सांवळ्या माणसांस दुःखी किंवा अपयशी दाखवूं नये, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेनें २०१४ सालीं केला. २०२० सालीं क्रीमचें नांव 'ग्लो अँड लव्हली' झालें. परंतु 'गोरी' हा शब्द जाऊन 'उजळ' हा शब्द आला, तरी ऐकणारीच्या मनांत अर्थ तोच उमटतो.

तो कां उमटतो? येथें व्यापाऱ्यास क्षणभर सोडून आपण आपणांकडे वळूं. वैद्य आधीं रोग पाहतो, मग औषध देतो. जाहिरात निरोग्यास रोगी असल्याचें पटविते. पण या कामीं तिला आमचेंच साह्य मिळतें. मुलगी पाहावयास येणारे 'रंगानें कशी आहे?' असें आधीं विचारितात. घरांतील आजीबाई तान्ह्या बाळाच्या कानाची पाळी पाहून त्याच्या रंगाचें भाकीत करितात. हीं वचनें मुलगी लहानपणापासून ऐकते. व्यापारी त्यांस केवळ चित्र व किंमत जोडितो.

म्हणून वडील माणसांस आमची विनंति कीं, पुडी घेणाऱ्या मुलीस रागें भरण्यापूर्वीं आपण आपल्या जिभेस आवर घालावा. मुलींसही आम्ही सांगतों: जाहिरात पाहतांना दोन प्रश्न विचारा. हिनें शब्दांनीं नक्की काय कबूल केलें? आणि माझ्या कोणत्या भयावर हिनें बोट ठेविलें? मग पुडी घ्यावयाची कीं नाहीं, तें ठरवा. आणि ठरवितांना एकदां आपल्या आईच्या चेहऱ्याकडे पाहा.