आजचं चिंतन : दोन केमोंच्या मधले दिवस



आज गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक घेऊया. भगवंत अर्जुनाला सांगतात की इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवणारच. ते येतं आणि जातं, कायमचं राहत नाही. म्हणून ते सोस.

आपण हा श्लोक फार सहज वापरतो. इंटरव्ह्यू गेला, ब्रेकअप झालं, की लगेच स्टेटसला टाकतो. पण ज्या घरात सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे, तिथे हाच श्लोक जपून वाचावा लागतो. असं एक घर माझ्या अगदी जवळचं आहे. तासगावला, माझ्या दादाचं.

पुतण्याला ए.एल.एल. आहे. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. उपचार दोन-तीन वर्षं चालतात, पण पूर्ण झाले तर बरीच मुलं ठणठणीत बरी होतात. दादा-वहिनी त्याला घेऊन सांगलीहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जातात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे अशी कितीतरी कुटुंबं उतरतात. केमो झाली की परत तासगाव. मग पुढच्या तारखेपर्यंत घर.

आपल्याला वाटतं, खरी लढाई दवाखान्यात असते. वहिनी म्हणते, "तिथं नर्स असते गं. घरी मीच असते."

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खूप खाली जातात. मग पाणी उकळून, कोशिंबीर बंद, बाहेरचं बंद. द्राक्षाच्या गावात राहून पोराला द्राक्ष देताना दहा वेळा विचार. स्टेरॉईडच्या आठवड्यात तो पहाटे चारला उठून पिठलं-भाकरी मागतो, आणि वहिनी त्या वेळी चूल पेटवते. देवघराशेजारच्या कोनाड्यात थर्मामीटर. १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट दिसलं की रात्रीचे दोन असोत, गाडी काढायची.

आता श्लोकाकडे या. "सोस" म्हणजे गप्प बस, असं आपण धरून चालतो. पण भगवंत हे कुणाला सांगतायत? रथात धनुष्य टाकून बसलेल्या माणसाला. त्याने उठावं म्हणून सांगतायत. म्हणजे सोसणं हे हात-पाय हलवण्याच्या आधीचं बळ आहे. ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला अंगारा लावायला कुणाची ना नाही. पण आधी गाडी सुरू करा, अंगारा वाटेत लावा.

दुसरी गोष्ट. श्लोकात दुःखाबरोबर सुखही आहे, आणि आपण ते वाचतच नाही. मधल्या काही दिवसांत पुतण्या छान असतो. अंगणात सायकल फिरवतो, ताईशी भांडतो, डोक्यावर केसांची लव दिसायला लागते. मग पाहुणे म्हणतात, "बरा झालाय की आता. कशाला पोराला परत परत टोचताय?" दादाचाही जीव तुटतो. बागेची छाटणी तोंडावर, पैसा आटलेला, आणि पोरगं हसतंय. उपचार सोडून द्यायचा मोह वाईट दिवसांपेक्षा या चांगल्या दिवसांतच जास्त होतो. आणि अर्धवट सोडलं तर आजार उलटतो. म्हणून चांगला दिवसही येणारा-जाणारा आहे हे ओळखायचं. त्याचा आनंद घ्यायचा, पण त्याच्या भरवशावर पुढची तारीख चुकवायची नाही. पैशासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, मोठ्या दवाखान्यांत समाजसेवक असतात. मदत मागण्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट तासगावच्या रथाची. आमच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला निघतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं देऊळ, सात मजली गोपुर, उजव्या सोंडेची मूर्ती. रथ दोरांनी ओढत काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत नेतात, आणि गावाबाहेर गेलेला माणूसही त्या दिवशी परत येतो. यंदा नेमक्या त्याच आठवड्यात पुतण्याच्या पेशी खाली. आईला वाटत होतं, नातवाचा हात एकदा दोराला लागावा. वहिनी नाही म्हणाली. आई दुखावली. "देवाच्या दारात जायला कसलं भ्या?"

वहिनी एवढंच म्हणाली, "आई, देवाचं नाही. गर्दीचं आहे."

आई एकटी गेली. त्याच्या वाटचा दोर तिने ओढला. परत आल्यावर गुलालाने भरलेली साडी मागच्या दाराला बदलली, हात-पाय साबणाने धुतले, आणि मगच त्याच्या उशाशी बसून रथाची गोष्ट सांगितली. मला विचाराल तर त्या दिवशी त्या घरात दोन पूजा झाल्या. एक आईने रथावर केली, एक वहिनीने "नाही" म्हणून.

आणखी एक. भेटायला येणारे कुजबुजतात, "मागच्या जन्माचं काहीतरी." मंडळी, हे कुठल्याही आईच्या कानावर घालू नका. बहुतेक मुलांमध्ये या आजाराचं नेमकं कारण सापडत नाही, आईबापांच्या वागण्यातून तो आलेला नसतो. आणि या श्लोकात भगवंतही अर्जुनाला "हे तुझ्याच कर्माचं" म्हणत नाहीत. उलट त्याला कौंतेय म्हणतात, कुंतीचा मुलगा. सोसायला सांगताना देवाने आधी आईचं नाव घेतलंय. माझ्या मते हे सहज आलेलं नाही.

त्या घरात अकरा वर्षांची पुतणीही आहे. तिने मला फोनवर हळूच विचारलं, "आत्या, मला ताप आला तर आई माझ्यापाशी पण बसेल का?" मी हे दादाला सांगितलं. आता रविवारी संध्याकाळी तो फक्त तिचा असतो. बागेत चक्कर, येताना वडापाव. बस, एवढंच.

हा श्लोक शेवट गोड होईल असं वचन देत नाही. पुतण्याचं पुढे काय, हे वहिनीला माहीत नाही, मलाही नाही. पुढची केमो पंधरा दिवसांवर आहे. या पंधरा दिवसांपुरतं उभं राहायचं बळ तो देतो, आणि ते रोज नव्याने मागावं लागतं.

आजचा अभ्यास : ओळखीत असं घर असेल तर आज फोन करा. सल्ला देऊ नका. सर्दी-खोकला असेल तर भेटायला जाऊ नका. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त किंवा प्लेटलेट द्यायची तयारी ठेवा. आणि त्या घरात दुसरं मूल असेल, तर त्याचं नाव घेऊन त्याची विचारपूस करा.

पांडुरंगा, ज्या घरांत आज रात्री कुणी थर्मामीटर हातात धरून जागं आहे, तिथे तू उभा राहा.

राम कृष्ण हरी. उद्या पुढचा श्लोक घेऊ.