मौन कोणाचे?

निपाणी-बेळगावकडील आपल्या घरांतून आम्ही वर्षानुवर्षे सांगली केंद्र ऐकले. गिरणीची मोटार सुरू झाली की मध्यम लहरींवर खरखर होई. निदान अडथळा आहे, हे कळे. डिजिटल रेडिओचे तसे नाही. घरातल्याच चार्जरचा वा दिव्याचा विद्युत-गोंगाट मर्यादेपलीकडे गेला, की आवाज एकाएकी नाहीसा होतो. मग आम्ही म्हणतो, "केंद्रच बंद आहे!"

एलीच्या काळी देवाचा शब्द क्वचितच ऐकू येई (1 शमुवेल 3). देव मुका नव्हता. त्याने बालक शमुवेलाला हाक मारलीच. अनाचार एलीच्या घरात होता. प्रत्येक मौन पापामुळेच असते असे नाही; ईयोब आठवावा. तरीही, प्रियजनहो, विवेकबुद्धीची खरखर ही कृपाच आहे. ती थांबली म्हणजे शांती लाभली, असे आम्ही समजू नये. देवाला दोष देण्याआधी आपल्याच घरातले बटण तपासून पाहावे.