पाणी ओसरल्यानंतरचे दिवस

चि. वैशाली,


बदलापुरात हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर घर घेतलंत आणि ऑगस्टमध्ये बाळ येणार. दोन्हींचा मला मनापासून आनंद आहे. पण दोन्ही एकाच पावसाळ्यात आलीत, म्हणून फोनवर न बोलता लिहून पाठवते, म्हणजे जावईबापूही वाचतील.

उल्हास नदी तुमच्यापासून लांब नाही. २६ जुलै २००५ ला बदलापुराने पूर पाहिला. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेसच पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढले, त्यांत नऊ बाया गरोदर होत्या. ही नदी राजमाचीच्या डोंगरातून कर्जत, नेरळ करत तुमच्याकडे येते. म्हणून बदलापुरात उघडीप आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. वर घाटात काय पडतंय ते विचार.

असे पूर आणणारे पाऊस आता वाढलेत. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि अरबी समुद्र तर तापतोच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं दिसलं.

आरोग्य सेविका म्हणून इतकी वर्षं काम केल्यावर मला भीती वाटते ती पाणी ओसरल्यानंतरच्या दिवसांची. पाणी असतं तेव्हा सगळे सावध असतात. ते उतरलं की माणसं अनवाणी घर धुवायला लागतात, आणि तिथेच लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, गाठतो. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून त्याचा जंतू पायाच्या साध्या भेगेतूनही आत शिरतो. ताप बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो, तोवर पूर विसरलेला असतो. ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: पुराच्या पाण्यात पाय गेला होता. जावईबापूंना पाण्यात उतरावंच लागलं, तर गमबूट घालून, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीचं विचारून यावं. ती गोळी, डॉक्सीसायक्लीन, गरोदरपणात सहसा देत नाहीत. म्हणून तू पाण्यात उतरायचंच नाहीस. घर कितीही घाण होवो, झाडू दुसऱ्याच्या हातात दे.

पिण्याचं पाणी उकळूनच. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी कोरड्या भांड्यालाही महिनोन्‌महिने चिकटून राहतात. पिंप नुसतं रिकामं करू नका, आठवड्यातून एकदा आतून घासा. डासांचे आजार पुरानंतर किती वाढतात बघ: पाकिस्तानात २०२२ च्या महापुरानंतर मलेरियाचे रुग्ण वर्षभरात सुमारे ५ लाखांवरून २६ लाखांवर गेले. बुडून गेलेल्या माणसांच्या आकड्यात हा ताप कुठेच दिसत नाही.

उन्हाळ्याचंही सांगते, कारण आत्ता तू गरोदर आहेस आणि पुढच्या वर्षी बाळ अंगावर असेल. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या एका जाहीर सोहळ्यात उष्माघाताने चौदा माणसं गेली, आणि पारा चाळिशीतही नव्हता. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग निवत नाही. गरोदर बाईला ऊन बाधलं तर बाळ दिवस भरण्याआधी येण्याचा धोका वाढतो. दुपारची कामं सकाळवर ने, मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेव, आणि दोघांनी मिळून पश्चिमेच्या खिडकीवर चटई टांगा.

एक गोष्ट मात्र घरात बसून होणार नाही. सोसायटीच्या बैठकीत मोकळ्या आवारात काँक्रीट घालायची टूम निघेल. ठाम विरोध करा. माती पाणी पिते आणि रात्री लवकर निवते. नदीकाठी पूररेषेच्या आत कुणी भराव टाकताना दिसलं, तर चार शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन नगरपरिषदेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भरावाने अडवलेलं पाणी कुणाच्या तरी घरात शिरतंच. बहुतेक ते घर बैठ्या चाळीतलं असतं, जिथे जायला वरचा मजला नाही.

कागदपत्रं, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि तुझ्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे आत्ताच ठेव. आणि जुलै लागला की माझ्याकडे डोंबिवलीला ये. गाड्या बंद पडायच्या आधी, नववा लागायची वाट न बघता. प्रसूतीच्या दवाखान्याचं मी इथे बोलून ठेवलंय, फाइल घेऊन ये.

तुझी,
मावशी