उन्हावर खापर फोडू नका

"ऊन फार पडलं म्हणून लाद्या उचलल्या," हे उत्तर पुन्हा माझ्यासमोर द्यायचं नाही. जव्हारला वैशाखात ऊन तापतं, हे काय यंदाच कळलं? राब न भाजता नागली टाकायची आणि मग पावसाला शिव्या द्यायच्या, तसला हा प्रकार!

ही घ्या तुम्ही काम केलेल्या गच्चीवरची लादी. उलटी करा. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, सिमेंटचे पाच गोळे. बाकीची पाठ खोक्यातून काढली तशी कोरी! पाच ठिकाणी टेकवलेल्या लादीला 'बसवली' म्हणता? मृग लागला की सांध्यातून उतरलेलं पाणी त्या पोकळीत साठणार आणि खालच्या खोलीचं छत ओल धरणार. वर सांगता, लाद्या रात्रभर बादलीत भिजवल्या होत्या. अरे, व्हिट्रिफाइड लादी अर्धा टक्काही पाणी पीत नाही. तिला सिमेंटची रबडी धरणार कशी? तिला अ‍ॅडेसिव्ह लागतं. त्याच्या पिशवीवर भारतीय मानक १५४७७ आणि प्रकार छापलेला असतो. वाचला कुणी? हात वर करा. राहू द्या, दिसलं मला.

आता हिशेब मांडा. गच्ची १० मीटर. पहाटेपासून दुपारपर्यंत ३० अंशांचा फरक धरा. काँक्रीट साधारण ३ मिलिमीटर वाढू बघतं, लादी २. शिवाय लादी वर उन्हात, स्लॅब तिच्या खाली; दोघांचं तापणं वेगळं, निवणं वेगळं. जूनची पहिली सर आली की लादी क्षणात गार, स्लॅब मात्र गरमच. ही ओढाताण रोजची आहे. तिला तुम्ही जागा किती ठेवलीत? शून्य! लादीला लादी चिकटवली आणि भिंतीपर्यंत व्हाइट सिमेंट ठासलं. मग ती वर उचलणार नाही तर जाणार कुठे?

युरोपात, कोरियात थंडीसाठी जमिनीच्या कोब्यातच गरम पाण्याच्या नळ्या टाकतात आणि वर लाद्या बसवतात. त्या टिकतात, कारण तिथला चांगला मिस्त्री घाई करत नाही. कोबा साधारण चार आठवडे सुकू देतो. मग लादी लावण्याआधीच नळ्यांतून ऊब हळूहळू चढवतो, हळूहळू उतरवतो. कोब्याला तडकायचं असेल तर आधीच तडकू दे. नंतर ऊब बंद करून लवचिक अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने सगळीकडे पसरतो. भिंतीच्या कडेला ५ ते १० मिलिमीटर जागा सोडतो आणि तिच्यात ग्राउट नाही, सिलिकॉन भरतो. कोब्यातला सांधा लादीतही त्याच रेषेत ठेवतो. माल पक्का होईपर्यंत ऊब सुरू करत नाही. आणि एवढं सगळं करून ते राहत्या खोलीची जमीन तापवतात किती? २९ अंशांच्या आसपास, बस्स. वैशाखातल्या दुपारी त्या गच्चीवर अनवाणी उभं राहून दाखवा! त्यांच्यापेक्षा जास्त तापणारी जमीन तुमच्या हाताखाली होती आणि तुम्ही त्यातलं एकही पथ्य पाळलं नाहीत.

"मालकालाच बिनसांध्याचं काम हवं होतं," म्हणे. त्याला कळत असतं तर त्याने तुम्हाला पैसे कशाला दिले असते? नाही म्हणायला शिकणं हाही कामाचाच भाग आहे.

दिवाळी झाली की मोखाड्यातले पाडे ओस पडतात. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. तिथे घमेलं उचलणारे पुष्कळ मिळतात, हात बसलेला मिस्त्री शोधावा लागतो. तुम्ही इथे शिकायला आलात ते मिस्त्री व्हायला. असलं काम करत राहिलात तर घमेलं सुटणार नाही, सांगून ठेवतो.

उद्या सकाळी सगळ्यांनी गच्चीवर हजर राहायचं. उचललेल्याच नाही, सगळ्या लाद्या काढायच्या, खालचा माल खरवडायचा, उतार पाण्याने तपासायचा. उघड्यावर दर तीन मीटरला एक मोकळा सांधा, भिंतीच्या कडेला सलग जागा, प्रत्येक लादीखाली भरगच्च अ‍ॅडेसिव्ह. मालकाकडून एक पैसा मागायचा नाही. काम झाल्यावर मी नाणं घेऊन एकेक लादी वाजवणार आहे. जी पोकळ बोलेल ती ज्याने बसवली त्यानेच काढायची, माझ्यासमोर, आणि तेव्हा उन्हाचं नाव घ्यायचं नाही.