घरासाठी आणि शाळेसाठी इंग्रजी शब्दकोश

इंग्रजी शब्दकोश विकत घेताना बहुतेकांची नजर त्याच्या जाडीवर आणि मुखपृष्ठावरच्या शब्दसंख्येवर जाते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. एखादी नोंद वाचून मुलाला तो शब्द स्वतःच्या वाक्यात बिनचूक वापरता येतो का, ही कोशाची खरी कसोटी.

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावरच्या मुर्धासारख्या गावात ही कसोटी अधिकच महत्त्वाची ठरते. आगरी घरातल्या मुलाला घरी बोली ऐकू येते, मराठी शाळेत प्रमाण मराठी आणि भाईंदरच्या बाजारात हिंदी-गुजराती. इंग्रजी मात्र बरेचसे पाठ्यपुस्तकातूनच भेटते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे आणि सेमी-इंग्रजी वर्गांत गणित-विज्ञानही त्याच भाषेत शिकवतात. अडलेला शब्द विचारायला घरात कोणी नसेल, तर ते काम कोशावर येते.

मराठीला द्विभाषिक कोशांची जुनी परंपरा आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्यानेच हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडीने १८४७ साली पूर्णत्वाला नेला. मुंबई सरकारसाठी झालेली ही कामे अभ्यासकांना आजही मोलाची वाटतात. पण इंग्रजी शिकणारे शाळकरी मूल त्यांच्यासमोर नव्हते.

त्या मुलाची गरज ओळखणारे कोश वर्गातल्या अनुभवातून घडले. बंगालमध्ये शिकवलेल्या मायकेल वेस्टने १९३५ च्या कोशात केवळ १,४९० शब्द वापरून सुमारे २४,००० शब्द आणि वाक्प्रचार समजावले. जपानमध्ये शिकवणाऱ्या हॉर्नबीचा कोश तिथे १९४२ साली निघाला आणि पुढे ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणून जगभर गेला. लाँगमनने १९७८ साली व्याख्यांसाठी सुमारे २,००० शब्दांची मर्यादा घालून घेतली. उलट, इंग्रजी ही मातृभाषा असलेल्यांसाठी केलेल्या कोशात सोप्या शब्दाचा अर्थ कधी कधी त्याहून कठीण शब्दांत दिलेला असतो.

इंग्रजी-मराठी कोश अर्थ चटकन देतो, म्हणून पाचवी ते सातवीच्या मुलाला तोच सोयीचा. मात्र ‘फेअर’पुढे ‘गोरा, न्याय्य, जत्रा’ असे प्रतिशब्द नुसते स्वल्पविराम देऊन मांडले असतील, तर मूल गोंधळते. प्रत्येक अर्थ क्रमांक देऊन वेगळा केलेला आणि त्याला उदाहरणाचे वाक्य जोडलेले असावे. उच्चार देवनागरीत असला तर वाचायला सोपा जातो. पण ‘रेकॉर्ड’ नाम असताना आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर येतो, हे आघातचिन्हाशिवाय कळत नाही.

आठवीपासून जोडीला इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स कोश हवा. ‘फर्निचर’चे अनेकवचन होत नाही, ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही, अशा गोष्टी त्यात उदाहरणांसह कळतात. मराठीच्या वळणाने होणाऱ्या नेमक्या याच चुका केवळ प्रतिशब्द पाहून सुटत नाहीत. पहिली ते चौथीसाठी चित्रकोश पुरतो.

दुकानात कोश पारखताना मुलाला आधीपासून माहीत असलेले दोन-तीन शब्द उघडून पाहावेत. परिचित शब्दाची नोंदच क्लिष्ट वाटली, तर अनोळखी शब्दाला तो कोश काय मदत करणार? आपल्या पाठ्यपुस्तकांत ब्रिटिश वर्णलेखन असते, त्यामुळे अमेरिकी कोश घेतल्यास स्पेलिंगमधला फरक मुलाला सांगून ठेवावा. ‘वेबस्टर’ या नावावर अमेरिकेत कोणा एका प्रकाशकाची मक्तेदारी नाही. तेव्हा केवळ ते नाव पाहून दर्जा गृहीत धरू नये. जुनी प्रत स्वस्तात मिळाली तर घरासाठी चालते, कारण शालेय शब्दसंग्रह फारसा बदलत नाही. मात्र बांधणी आणि अक्षर तपासावे.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमनचे लर्नर्स कोश इंटरनेटवर मोफत आहेत आणि उच्चार ऐकवतात. घरी फोन असेल तर जाड ग्रंथाची गरज त्यामुळे कमी होते; तिथे एक चांगला इंग्रजी-मराठी कोश आणि ही सोय एवढे पुरेसे आहे. शाळेचा हिशोब वेगळा. ग्रंथालयाच्या कपाटात एकच महाग कोश ठेवण्यापेक्षा त्याच पैशात एका आवृत्तीच्या मध्यम आकाराच्या अनेक प्रती घ्याव्यात. सगळ्यांसमोर एकच पान उघडे असले, तर वर्णक्रम, व्याकरणाच्या खुणा आणि योग्य अर्थाची निवड शिक्षकाला तासातच शिकवता येते.