घाटाच्या पायथ्याशी परतलेला सोबती

प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात एक लहानशी गोष्ट सांगितली आहे. वाचणाऱ्याची दृष्टी बहुधा तिजवरून निसटून पुढे जाते. पौल, बर्णबा व त्यांचा तरुण मदतनीस योहान मार्क हे कुप्र बेटाहून गलबताने पंफुल्या प्रांतातील पिर्गा येथे आले. आणि तेथून मार्क त्यांस सोडून यरुशलेमेस परत गेला. तो का परतला हे लूकाने लिहून ठेविलेले नाही. कोणी म्हणतात, त्यास घरची ओढ लागली. कोणी म्हणतात, त्या सखल मुलखातील तापाचे त्यास भय वाटले. नकाशा पाहिला असता इतके मात्र कळते की, पिर्गा हे समुद्राजवळच्या सपाटीवर होते, आणि पुढे जावयाचे पिसिदियाजवळचे अंत्युखिया टॉरस पर्वताच्या पलीकडे, हजार मीटरांहून अधिक उंचीवर होते. म्हणजे जेथून चढ लागावयाचा तेथूनच मार्क मागे फिरला.

प्रिय बंधुभगिनींनो, चढ म्हणजे काय हे आपणांस शिकवावयास नको. आपला बुलढाणा जिल्हा अर्धा वर व अर्धा खाली असा वसलेला आहे. वरचा तो बालाघाट व खालचा तो पयानघाट, असे वाडवडील म्हणत आले. मध्ये अजिंठ्याच्या डोंगरांची रांग आहे. या रांगेवर पडणाऱ्या पावसाची गंमत पाहा. जे पाणी पैनगंगेस मिळते ते मेहकरावरून पूर्वेकडे जाऊन वर्धा व प्राणहिता यांच्या वाटेने गोदावरीत, आणि तेथून बंगालच्या उपसागरात पोहोचते. जे पाणी ज्ञानगंगेस किंवा नळगंगेस मिळते ते उत्तरेस उतरून पूर्णेत, पूर्णेतून तापीत, आणि शेवटी अरबी समुद्रात जाते. एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांमध्ये अखेरीस सारा देश आडवा येतो. पौल व बर्णबा यांचे पुढे असेच झाले. परंतु ते आपण मागाहून पाहू.

गेल्या दिवाळीच्या आधी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, आमच्या मंडळीतील एका तरुणासह सायकलीवर अमडापूरहून खामगावास जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा योग आम्हांस आला. शब्बाथ शाळेच्या मुलांसाठी पाट्या, वह्या व गीतांची काही पुस्तके आणावयाची होती. एस. टी.ने जाता आले असते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु तरुणाने आग्रह धरिला, आणि आमच्या मनातही त्याजबरोबर एक दिवस घालविण्याचा हेतु होता. का, तेही सांगितले पाहिजे.

हा तरुण तीन वर्षांपूर्वी दोन गावांच्या शब्बाथ शाळा चालवीत असे. भर पावसाळ्यात एका रविवारी तो गेला नाही. दुसऱ्या रविवारी कळले की तो पुण्यास एका कारखान्यात कामाला लागला आहे. कोणास सांगितले नाही, किल्ली व हजेरीची वही शेजारच्या घरी ठेवून गेला. आता तो घरी परतला आहे, आणि मुलांचे काम पुन्हा मिळावे असे त्याने पंचांस विनविले आहे. पंचांत दोन तट आहेत. एक म्हणतो, नांगराला हात लावून जो मागे फिरला त्याच्या हाती पुन्हा नांगर कसा द्यावा? दुसरा म्हणतो, द्यावा. आवाज दोहोंकडे चढले आहेत, आणि एका घराने प्रभुभोजनास येणे थांबविले आहे. अशा वेळी ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याच्याबरोबर एक दिवस चालून पाहावे, हे बरे.

पहाटे निघालो तेव्हा गावच्या टेकडीवरील देवीच्या जुन्या देवळामागे उजाडत होते. उंद्रीपर्यंत रस्त्याच्या कडेने सोयाबीन वाळत घातले होते, आणि राखणीला बसलेल्या आयाबाया हाताने गुरे हाकीत होत्या. कपाशीची बोंडे नुकती फुटू लागली होती. पुढे डोंगर, सीताफळीची झाडे, सागाचे रान, आणि उतार. उताराचा आनंद आम्ही नाकारीत नाही. वारा तोंडावर येतो, पाय स्वस्थ राहतात, आणि पासष्टी ओलांडलेल्या मनुष्यासही आपण तरुण आहो असे वाटते. परंतु या वाटेची रीत अशी की, सकाळी जे फुकट मिळाले त्याचे देणे सायंकाळी, पाठीवर ओझे व पायांत थकवा असता, पै-पैने चुकवावे लागते. अमडापूरकरास खामगाव खाली व घर वर.

पश्चिमेकडे ज्ञानगंगेचे अभयारण्य आहे. तिकडे पाहून तरुणाने वाघाची गोष्ट काढली. वाचकांपैकी पुष्कळांस ती ठाऊक असेल. यवतमाळकडील टिपेश्वरच्या रानातून 2019 साली एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात वन खात्याने यंत्राचा पट्टा बांधला होता, म्हणून त्याची वाट कळली. तेलंगणाच्या सीमेपलीकडे जाऊन, शेते, नाले व रस्ते ओलांडीत, 1,300 किलोमीटरांहून अधिक चालून त्या वर्षाच्या डिसेंबरात तो या ज्ञानगंगेच्या रानात आला. येथे त्यास सावज मिळाले, आसरा मिळाला. जोडीदार मात्र नव्हता. "गुरुजी, एवढे चालून आला, आणि येथे त्याला विचारणारे कोणी नाही," असे तरुण म्हणाला. वाघास विचारणारे कोणी असावे ही कल्पना ऐकून आम्हांस हसू आले. पण तो हसत नव्हता.

खामगावात काम लवकर आटोपले. कापसाच्या व चांदीच्या व्यापारामुळे हे शहर दूरवर प्रसिद्ध आहे, आणि जलंबपासून येथवर आगगाडीचा फाटा 1870 सालीच आला. आम्हांस पाट्यांचे दुकान पुरे होते. दुपारच्या भाकरीनंतर परतीस लागलो.

आता सायकलीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आमची सायकल साधी, काळी, जुन्या घाटाची. तिला गिअर नाहीत. पायडलाचा एक फेरा केला की ती पाच मीटरांहून अधिक पुढे जाते. सपाटीवर ही सोय, परंतु चढावर हाच जाच, कारण प्रत्येक फेऱ्यास तेवढे अंतर ओझ्यासकट वर उचलावे लागते. तरुणाच्या सायकलीस गिअर होते. साखळी पुढच्या लहान चक्रावर व मागच्या मोठ्या चक्रावर घातली म्हणजे एका फेऱ्यात सायकल दोनच मीटर जाते. फेरे अधिक मारावे लागतात, पण प्रत्येक फेरा पायांच्या आवाक्यात येतो. गिअराने घाट कमी होत नाही. जेवढे वर जावयाचे तेवढे जावेच लागते. तो भार लहान लहान वाटून मिळतो, इतकेच.

पहिल्याच मोठ्या वळणावर तो दिसेनासा झाला. आम्ही उतरून सायकल ढकलीत चाललो. वळणापलीकडे पाहतो तो हा गृहस्थ एका मोरीवर बसलेला. आम्ही पोहोचताच तो उठला, आणि काही न बोलता आमच्या कॅरिअरवरील पाट्यांचा गठ्ठा सोडून आपल्या सायकलीस बांधू लागला. पुढेही प्रत्येक वळणावर तसाच थांबला. एक गोष्ट आमच्या ध्यानात आली: आम्ही येऊन ठेपताच तो लगेच निघत नसे. जो मागून येतो त्यास दम घ्यावयाचा असतो. पुढच्याचा विसावा झालेला असतो, मागच्याचा नाही. पुष्कळ लोक सोबत्याकरिता थांबतात, पण तो पोहोचला की त्याच क्षणी चालू लागतात, आणि आपण फार वाट पाहिली असे मानितात.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर तो म्हणाला, "गुरुजी, मी न थांबता निघून गेलो असतो, तर तुम्ही माघारी फिरला असता का?"

आम्ही म्हणालो, "अरे, फिरून जाणार कोठे? घर तर वरच आहे."

तो काही वेळ मुकाट्याने चालला. मग म्हणाला, "त्या पावसाळ्यात मला ते वर दिसत नव्हते." आणि त्याने सांगितले. दोन गावे, मधला नाला भरलेला, चिखलात सायकल खांद्यावर. घरी सोयाबीन शेतातच कुजलेले व बापावर कर्ज. एका रविवारी दोनच मुले आली. सबंध दोन महिन्यांत मुले किती येतात, नाला कसा ओलांडतोस, असे पाठविणाऱ्यांपैकी एकानेही विचारले नाही. "सांगून गेलो असतो तर बरे झाले असते. पण सांगायला कोणाकडे जावे हेच सुचले नाही," असे तो म्हणाला.

न सांगता जाणे चुकले, यात आम्हांस संशय नाही, व त्यासही नाही. परंतु आपल्या प्रभूने बारा जणांस गावोगाव पाठविले तेव्हा दोघे दोघे असे पाठविले, ही गोष्ट मार्कानेच आपल्या शुभवर्तमानात लिहिली आहे, असे मंडळी आरंभापासून मानीत आली आहे. ज्याने पिर्ग्यास वाट सोडली त्याच्याच लेखणीतून हे यावे, याचा विचार करावा. त्या वेळच्या पंचांनी या तरुणास एकट्याने पाठविले होते.

आता पौलाकडे येऊ. काही वर्षांनी दुसऱ्या फेरीची तयारी झाली तेव्हा बर्णबा म्हणाला, मार्कास घेऊ. पौल म्हणाला, जो पंफुल्यात आपणांस सोडून गेला त्यास नको. तंटा इतका वाढला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कास घेऊन कुप्रास गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकिया यांतून गेला. एक थेंब एका समुद्राकडे, दुसरा दुसऱ्याकडे. आपल्या पंचांतील पहिला तट पौलाचे नाव घेतो, आणि त्याचे म्हणणे हलके नाही. घाटात अर्ध्यावर सोडून जाणारा सोबती इतरांसही संकटात पाडतो. 1923 च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. 1928 च्या मार्चात ती पुरी करून परतले ते तिघेच. लांबच्या वाटेवर कोण टिकेल हे आधी पाहावेसे वाटणे, यात पाप नाही.

परंतु पौलास बर्णबा प्रथम कोठे भेटला, ते नवव्या अध्यायात वाचा. छळ करणारा म्हणून यरुशलेमेतील सारे शिष्य ज्यास भीत होते, ज्याच्या पालटण्यावर कोणाचा विश्वास बसेना, त्या शौलाचा हात धरून प्रेषितांपुढे उभा करणारा हाच बर्णबा होता. म्हणजे मार्काकरिता जे बर्णबाने मागितले ते त्याने पौलाकरिता आधीच केले होते. आणि पुढे बंदिवासातून लिहिताना पौलानेच कलस्सैकरांस कळविले की मार्क आला तर त्याचा स्वीकार करा; आणि तीमथ्यास, मार्कास बरोबर घेऊन ये, तो सेवेस उपयोगी आहे. तंट्यात कोणाचे खरे होते हे लूक सांगत नाही. मार्क पुन्हा उपयोगी कोणाच्या सहवासात झाला, एवढे मात्र आपणांस दिसते.

नाशिकचे दोघे वैद्य बंधू, हितेंद्र व महेंद्र महाजन, 2015 साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरांची सायकल शर्यत जोडीने पुरी करून आले. तिची रीत अशी की, एक चालवी तेव्हा दुसरा विसावा घेई. रविवारची दोन गावे याहून काही कठीण नाहीत. परंतु ती एकट्याची नाहीत.

पंचांची बैठक पुढल्या रविवारी उपासनेनंतर आहे. तेथे आमचे मागणे असे राहील: त्यास ती दोन्ही गावे परत द्यावी, बरोबर दुसरा कोणी द्यावा, आणि दर महिन्यास पंचांपैकी एकाने स्वतः जाऊन मुले मोजावी व नाला पाहावा. ज्या घराने प्रभुभोजन सोडले आहे त्या घरी आम्ही बुधवारी जाणार आहो. त्यांचे म्हणणे पौलाचे आहे, म्हणून ते नीट ऐकून घेतले पाहिजे. दुसरा म्हणून कोण जाईल, हे अद्याप ठरलेले नाही. आमचे नाव आम्ही दिले आहे. तरुणाने आमची सायकल मागचा टायर बदलण्याकरिता नेली आहे.