निरोप्याचा वाटा

आमचे घर भंवरकुआंला आहे. आग्रा-मुंबई रस्ता इंदूर सोडून राऊ-महूकडे निघतो तो याच चौकातून, आणि खंडव्याचा रस्ताही इथूनच फुटतो. आता चौकावर उड्डाणपूल आहे, खाली कोचिंग क्लासच्या पाट्यांची दाटी आहे आणि सकाळी पोह्यांच्या गाडीभोवती परगावची मुले उभी असतात. नावातला कुआं मी तरी कधी पाहिला नाही. पण या रस्त्याने महूच्या लष्करी गाड्या जाताना मात्र लहानपणापासून पाहत आलो. त्यांतल्या काही गाड्या बंद पेटीसारख्या असत, टपावर एरियलच्या काठ्या आडव्या बांधलेल्या, मागे जनरेटरचा गाडा. आम्ही मुले त्यांना ‘बिनतारी गाडी’ म्हणत असू. सिग्नल कोरची शाळा 1946 सालापासून महूला आहे. 1967 पासून तिचे नाव मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग. (महूचे सरकारी नाव 2003 पासून डॉ. आंबेडकर नगर झाले आहे, तरी बोलण्यात महू जात नाही.)

माझे मामा त्या गाड्यांतले. मूळ बेळगावकडचे. त्यांच्या गावातली बाकीची पोरे मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली. मामांची बोटे हलकी आणि कान तिखट, म्हणून ते सिग्नलमध्ये निवडले गेले. जबलपूरला शिकले, पुढच्या एका कोर्ससाठी महूला आले, आणि आपली बहीण इंदुरात दिलेली असल्यामुळे निवृत्तीनंतर इथेच भंवरकुआंला त्यांनी दोन खोल्या बांधल्या. आज मी राहतो ते हेच घर.

मामांच्या कपाटात एक लोखंडी पट्टी होती. महूच्या एका कबाड्याकडून त्यांनी ती आणली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘नंबर 19’ वायरलेस सेटचा तो दर्शनी पत्रा. मामा पहिल्यांदा ज्या सेटवर हात बसवायला शिकले तो हाच. रणगाड्यात किंवा गाडीत बसवायचा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, दोन ते आठ मेगासायकलच्या लघुलहरींवर बोलणारा, आणि त्याच पेटीत जवळच्या गाडीशी बोलण्यासाठी एक वेगळा छोटा सेट. त्या पत्र्याची गंमत अशी, की प्रत्येक बटणाखाली इंग्रजी नावासोबत रशियन नावही कोरलेले. कॅनडात बनलेल्या या सेटपैकी बरेच रशियाच्या फौजेकडे जायचे होते, म्हणून पत्राच दुभाषी. मामा म्हणत, “आपल्याकडच्या दुकानांच्या पाटीगत हाय बघ. वर एक, खाली एक. यंत्र मात्र एकच.”

लघुलहरींचे वागणे माणसाने विचार करावा असेच आहे. केंद्रातून निघालेली लहर जमिनीलगत थोडे अंतर जाते आणि विझते. दुसरी आकाशाकडे जाते, वरच्या विद्युतभारित थरावर आपटते आणि शेकडो मैलांवर उतरते. या दोहोंच्या मधे एक पट्टा असा राहतो, की तिथे काहीच ऐकू येत नाही. पुष्कळदा पन्नास कोसांवरच्या माणसाला तुमचा आवाज पोचत नाही आणि पाचशे कोसांवरचा तो स्पष्ट ऐकतो. दिवसा चालणारी लहर रात्री चालेलच असे नाही. सूर्य मावळला की थर बदलतात, आणि ऑपरेटरला खालच्या लहरीवर उतरावे लागते. शिवाय हवेत सोडलेला शब्द सगळ्यांचाच. शत्रू तो ऐकतो आणि दोन-तीन ठिकाणांहून दिशा मोजून तुम्ही कुठे बसला आहात तेही काढतो. म्हणून तर केंद्र चाकांवर ठेवायचे. एरियल उभारायची, कमीत कमी वेळात बोलायचे, एरियल उतरवायची आणि निघायचे.

आणि बोलायचे तेही आपल्याला न कळणारे. महत्त्वाचा संदेश सांकेतिक भाषेत येई, पाच-पाच अक्षरांचे गट, कुठल्याच भाषेतला शब्द नसलेले. आरंभी गट किती हे सांगितलेले असे, म्हणजे घेणाऱ्याने मोजून पाहावे. मामा ते कागदावर उतरवीत आणि सायफरवाल्याच्या हातात देत. अर्थ पलीकडच्या खोलीत उघडे. लढाईत माणसे कुठे जाणार, कुठून मागे येणार, हे सगळे मामांच्या कानातून गेले, पण मामांना त्यातले एक अक्षर कळले नाही.

कौटिल्याने दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. सर्व अधिकार असलेला तो निसृष्टार्थ, ठरावीक कामापुरता अधिकार असलेला तो परिमितार्थ, आणि फक्त राजाज्ञा पोचवणारा तो शासनहर. दूताला मारू नये हा आपल्याकडचा जुना दंडक. सुंदरकांडात हनुमंताच्या बाजूने बिभीषणही हेच सांगतो. यामागचा विचार सरळ आहे. बोल धन्याचे, तोंड तेवढे दूताचे. म्हणून दोष धन्याचा. या हिशोबाने मामा शासनहरांतलेही शेवटचे, कारण शासनहराला निदान आज्ञा वाचता येत असेल. ज्याला निरोप कळलाच नाही, त्याच्याकडे निरोपाचे पाप-पुण्य कसे येणार? मी बरीच वर्षे असेच मानत होतो. मानणे माझ्या सोयीचे होते, हे पुढे सांगतो.

उलट टोकाचे उदाहरण तुमच्याच मुलखातले आहे. लोंढ्याहून गोव्याला जाताना कॅसलरॉक लागते. सावंतवाडीच्या वर आंबोली आहे. 25 नोव्हेंबर 1955 रोजी आंबोलीच्या रानात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. तेही ट्रकवरचे. पुढे ते कॅसलरॉकच्या जंगलात हलले. लष्कराचे ते नव्हते, पण रानात दडलेली चाकांवरची लघुलहरी म्हणजे कामाची जात तीच. पोर्तुगीजमधून ‘व्होझ द लिबेर्दाद’, कोकणीतून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. दोन भाषा, दोन कान. सत्ताधाऱ्याने ऐकावे आणि गावातल्या माणसानेही. 1961 च्या डिसेंबरपर्यंत, सहा वर्षे, त्यांनी हे केले, आणि पोर्तुगीजांनी शरणागती पत्करल्यावर विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी सांगत ते दोघे गोव्यावरून फिरले. लिबियाबाई शिकून वकील झालेल्या. महायुद्धाच्या काळात मुंबईत इटालियन युद्धकैद्यांची पत्रे तपासण्याचे काम त्यांनी केले होते. दुसऱ्याचे शब्द वाचून पुढे सोडायचे की नाही हे ठरवण्यापासून स्वतःचे शब्द स्वतःच्या तोंडाने हवेत सोडण्यापर्यंतचा हा प्रवास मला फार विचार करायला लावतो. 2025 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती. त्या केंद्रावर बोलणाऱ्याला आपण काय बोलतो ते पुरते ठाऊक होते, आणि बोलणे आपले आहे हे त्यांनी नाकारले नाही.

आता माझी गोष्ट. 1969 साली मी पंधरा वर्षांचा होतो. आईला बाळंतपणासाठी माहेरी जाता आले नाही, म्हणून आजीच बेळगावकडून इंदुरात आली. तिला मराठी आणि कानडी येई. हिंदी अजिबात नाही. माझी बहीण बारा दिवसांची असताना आजीला दम लागला. वडील फिरतीवर, आई बाळंतीण. मीच टांग्यातून आजीला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून मला बाजूला घेतले नाही, आजीच्या समोरच, तिला कळत नाही हे धरून, म्हणाले, “दिल बहुत कमज़ोर है. ज़्यादा दिन नहीं निकलेंगे. जिन्हें बुलाना हो, बुला लो.” आजीने विचारले, “काय म्हणाले रे?” मी म्हणालो, “अशक्तपणा आहे. औषध घेतलं की बरं वाटेल.” आई नवी बाळंतीण, तिलाही घरी येऊन तेच सांगितले. मामा तेव्हा दूर सरहद्दीकडे होते. त्यांना तार करू का असे आईने आजीला विचारले होते. आजी म्हणाली, “बरं वाटंल म्हणतात न्हवं, मग पोराला कशाला घोर?” अठरा दिवसांनी ती गेली. मामांना आईचे तोंड दिसले नाही.

दुभाष्या घरात वाढलेल्या मुलांना हे काम न सांगता अंगावर येते. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात मोठ्यांच्या वतीने मूल उभे असते. सीमाभागातल्या किती वाचकांनी लहानपणी हे केले असेल! आपण नुसते या भाषेतून त्या भाषेत टाकतो आहोत असे त्याला वाटते. मामांना अर्थ ठाऊक नव्हता आणि अक्षर जपायचे होते. मला अर्थ ठाऊक होता, आणि मी तोच बदलला.

1990 नंतरच्या एका हिवाळ्यात, याच घराच्या ओट्यावर, मी मामांना हे सांगितले. ते चिडतील असे वाटले होते. बराच वेळ गप्प राहून त्यांनी आपलीच गोष्ट सुरू केली. 1971 चा डिसेंबर, पश्चिम सरहद्द. जाळीखाली लपवलेली गाडी, रात्र, हवेत खरखर. संदेश घेताना एका गटातले चौथे अक्षर विरत गेले. एक डा आणि मागे दोन डिट की तीन? दोन असतील तर डी, तीन असतील तर बी. पुन्हा मागण्याची खूण सोपी असते, आयएमआय, चार-सहा टिचक्यांची. पण पलीकडचे केंद्र आवरते घेत होते आणि जास्त वेळ हवेत राहू नये असा हुकूम होता. मामांनी बी लिहिले. गट मोजले, संख्या जुळली. कागद दिला. त्यानंतर कुणी विचारायला आले नाही. चूक होती की बरोबर होते, हे त्यांना कधीच समजले नाही.

मी म्हणालो, “मामा, पण तुम्हाला काय माहीत त्यात काय होतं ते? अंदाज तर करावाच लागतो.”

“अंदाज केला त्याचं काय न्हाई रे,” मामा म्हणाले. “आमच्या उस्तादाची शिकवण हुती, शंका असंल त्या अक्षराखाली रेघ ओढायची. म्हंजे पुढच्याला कळतं, हितं माझा कान न्हाई, माझं डोकं चाललंय. मी रेघ ओढली न्हाई. स्वच्छ बी काढला. नवा माणूस, कान कच्चा म्हणतील म्हणून.”

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू बी रेघ ओढली न्हाईस.”

ही गोष्ट मी पुष्कळ वेळा मनात फिरवली आहे. मामांचे म्हणणे मला असे समजते, की निरोप्याचा वाटा निरोपात काय होते यावर अवलंबून नाही. कळले होते की नव्हते, हा प्रश्नही दुय्यम. आपण घातलेले मूळचे म्हणून पुढे सरकवले, तिथे वाटा सुरू होतो. मी आजीला खरे सगळे सांगायलाच हवे होते असे आजही मला म्हणवत नाही. पंधरा वर्षांच्या पोराने म्हातारीला काय सांगावे! पण “डॉक्टर आणखीही बोलले, ते मी आईशी बोलतो” एवढे म्हणता आले असते. आजी शहाणी होती. तेवढ्या रेघेवरून तिने मुलाला बोलावून घेतले असते. मी तिला तिचा अंदाज करायची जागाच ठेवली नाही.

मामांच्या रेघेविरुद्ध एक आक्षेप मी तेव्हाही घेतला होता. सगळीकडे रेघा ओढत बसले तर लढाई कशी चालायची? आणि आजारी माणसाला शंका ही औषधापेक्षा जड होत नाही का? मामांनी यावर उत्तर दिले नाही. त्यांचे एक बोट खाटेच्या कडेवर टिचक्या मारत होते, ती त्यांची सवयच होती. कौटिल्य म्हणतो, दूताने एकटे झोपावे, कारण झोपेत मनातले बाहेर पडते. मामांचे ते बोटातून पडत असावे. मला मोर्स येत नाही.

एक सांगायचे राहिले. आजी अचानक गेली, कारण डॉक्टर तर बरे वाटेल म्हणाले होते. अचानक गेली म्हटल्यावर घरातल्या बायकांनी कारण शोधले आणि ते पाळण्यात सापडले. माझ्या बहिणीचा पायगुण. लहानपणी कुणाच्याही लग्नाकार्यात ती हे ऐकत आली. मोठी होऊन हसण्यावारी न्यायला शिकली, पण एकदा तिच्या मुलीच्या बारशाला कुणी तो शब्द काढला तेव्हा ती उठून आत गेली, हे मी पाहिले. तेव्हाही मी बोललो नाही. आई 2008 साली गेली. तिलाही सांगितले नाही. मामा जाण्याआधी मला दोनदा म्हणाले होते, “रेघ अजून ओढता येती.”

बहिणीचे सासर बेळगावला आहे. दर दिवाळीला हा अंक तिच्या घरी येतो आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ती वाचते. तिला आधी फोन करावा असे ठरवून मी चार वेळा नंबर फिरवला, आणि चारही वेळा मुलांची चौकशी करून ठेवून दिला.